जेनोआ आणि सिएना : सर्व्हर कुठे बसणार आहे?



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर विद्युत अभियांत्रिकी शिकवली. मोटार असो की रोहित्र, त्यावरची पाटी नीट वाचता यावी, पाटीवरचा प्रत्येक आकडा कशासाठी आहे हे कळावं, यावर त्यांचा फार भर असे. म्हणून आज मी दोन पाट्याच आपल्यासमोर वाचणार आहे. यंत्रं आहेत सर्व्हरचे प्रोसेसर. कंपनी एकच, एएमडी. पिढीही एकच. एकाचं नाव एपिक ९६५४, दुसऱ्याचं एपिक ८५३४पी. एएमडी आपल्या सर्व्हर प्रोसेसरना इटलीतल्या शहरांची सांकेतिक नावं देते. त्याप्रमाणे पहिला जेनोआ कुटुंबातला आणि दुसरा सिएना कुटुंबातला. जेनोआ १० नोव्हेंबर २०२२ रोजी बाजारात आला, सिएना १८ सप्टेंबर २०२३ रोजी. मी आज त्यांना याच नावांनी हाक मारणार आहे.

जेनोआ विशाल डेटा सेंटरसाठी घडवला आहे. सिएना घडवला आहे त्या सर्व्हरसाठी, जे डेटा सेंटरबाहेर, कामाच्या जागी बसतात. मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी, कारखान्यात, इस्पितळाच्या एखाद्या खोलीत, दुकानांच्या साखळीतल्या प्रत्येक दुकानात. या बाहेरच्या जगाला उद्योगात ‘एज’ म्हणतात.

आता कोणी विचारेल, यात व्याख्यान देण्याजोगं काय आहे? दोन आकडे शेजारी मांडावेत आणि मोठा असेल तो घ्यावा. मित्रहो, नेमकं तसंच होतं, आणि त्याचीच मला काळजी वाटते. एका संस्थेची निविदा मध्यंतरी माझ्या पाहण्यात आली. प्रोसेसरबद्दल त्यात एकच अट होती : किमान ६४ कोअर. सर्व्हर कोणत्या खोलीत बसणार, त्या खोलीत दुपारी किती तापमान असतं, वीज किती उपलब्ध आहे, त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कशावर मोजलं जातं, यातलं काहीच त्यात नव्हतं. संस्था सचोटीची होती, अधिकारीही कष्टाळू होते. पण प्रश्नच अर्धा विचारला गेला होता. अर्ध्या प्रश्नाला पूर्ण उत्तर कुठून मिळणार?

आधी साम्य पाहू, कारण फरकाचं मर्म साम्यातच आहे. दोन्ही प्रोसेसर तैवानच्या टीएसएमसीमध्ये ५ नॅनोमीटर प्रक्रियेवर तयार होणारे कोअर वापरतात. दोघांची आज्ञावली तंतोतंत सारखी आहे. जो प्रोग्राम जेनोआवर चालतो, तो एका अक्षराचाही बदल न करता सिएनावर चालतो. एव्हीएक्स-५१२ सारख्या मोठ्या गणिती आज्ञाही दोघांना कळतात. मेमरीतला मजकूर कूटबद्ध ठेवण्याची सोय दोघांत आहे. कोअरमागे १ मेगाबाइट एल-२ कॅशे, तीही दोघांत. मग बदललं काय?

पाट्या वाचूया. जेनोआ : ९६ कोअर, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, कमाल ३.७. एल-३ कॅशे ३८४ मेगाबाइट. मेमरीचे १२ चॅनेल, पीसीआय एक्सप्रेसच्या १२८ लेन. उष्णतेची मर्यादा ३६० वॅट. सिएना : ६४ कोअर, मूळ वेग २.३, कमाल ३.१. एल-३ कॅशे १२८ मेगाबाइट. मेमरीचे ६ चॅनेल, ९६ लेन. उष्णतेची मर्यादा २०० वॅट. बाजारात आले तेव्हाची छापील किंमत, हजार नगांच्या खरेदीला : जेनोआ ११,८०५ डॉलर, सिएना ४,९५० डॉलर.

वॅटच्या आकड्याबद्दल इथेच एक सांगून ठेवतो. ३६० आणि २०० हे वीजबिलाचे आकडे नाहीत. किती उष्णता सतत वाहून न्यायची तयारी ठेवावी, याचे ते आकडे आहेत. प्रत्यक्ष खप कामावर ठरतो. पण पंखा, हीटसिंक, खोलीतला एसी, वीजजोडणी हे सगळं याच आकड्यावर ठरतं, म्हणून तो पाटीवरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे असं मी मानतो. कोअरच्या संख्येहूनही महत्त्वाचा.

आता भागाकार करू. जेनोआत एका कोअरच्या वाट्याला पावणेचार वॅट येतात. सिएनात सव्वातीनच्याही किंचित खाली. कोअरमागे किंमत जेनोआत सुमारे १२३ डॉलर, सिएनात सुमारे ७७. मग सिएनाच स्वस्त आणि काटकसरी, नाही का? थांबा. हा निष्कर्ष काढायच्या आधी त्या कोअरच्या आत डोकावायला हवं.

जेनोआतला कोअर झेन ४, सिएनातला झेन ४सी. एल-२ कॅशे धरून झेन ४ सिलिकॉनवर ३.८४ चौरस मिलिमीटर जागा घेतो, झेन ४सी २.४८. म्हणजे सुमारे ३५ टक्के कमी. तर्करचना तीच, आज्ञा त्याच, एल-२ कॅशे तेवढीच, मग एक तृतीयांशाहून जास्त जागा गेली कुठे? ती गेली वेगाच्या मागणीत. चिप अतिशय वेगाने चालावी असं ठरवलं की संदेश वेळेत पोचावेत म्हणून वाटेत जास्त ताकदीचे, आकाराने मोठे ट्रान्झिस्टर घालावे लागतात, आणि कोअरचे वेगवेगळे विभाग स्वतंत्रपणे आखून त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी लागते. अभियंत्यांनी झेन ४सी आखताना ठरवलं की या कोअरला एवढं धावायचं नाही. ३.१ गिगाहर्ट्झ पुरे. त्यासरशी मोठे ट्रान्झिस्टर लहान करता आले, विभाग एकमेकांत मिसळता आले, मधली जागा भरून काढता आली. एकही आज्ञा काढून न टाकता कोअर आक्रसला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मला हे काम फार देखणं वाटतं. एखादी सोय कापून लहान होणं सोपं असतं. इथे काहीच कापलेलं नाही. फक्त घाई कमी केली आहे.

याचा परिणाम चिप उघडली की डोळ्यांना दिसतो. मध्यभागी एक मोठी चिप असते, ती मेमरीशी आणि बाहेरच्या जगाशी बोलते. तिच्या दोन्ही बाजूंना कोअरच्या लहान चिप मांडलेल्या असतात. जेनोआत अशा १२ लहान चिप, प्रत्येकीत ८ कोअर आणि ३२ मेगाबाइट कॅशे. सिएनात फक्त ४, पण प्रत्येकीत १६ कोअर, ८-८ च्या दोन गटांत, गटामागे १६ मेगाबाइट कॅशे. खाली ज्या सॉकेटवर हे बसतात, त्यात जेनोआसाठी ६,०९६ संपर्कबिंदू आहेत आणि सिएनासाठी ४,८४४. जेनोआ हाताच्या तळव्यावर ठेवला तर तळवा जवळजवळ झाकून टाकतो. हे सगळे बिंदू मदरबोर्डवर आखायचे म्हणजे बोर्ड मोठा आला, त्याचे थर वाढले, पेटी मोठी आली. सिएनाचा बोर्ड लहान पेटीत मावतो, आणि एजच्या जगात पेटीची खोली हाच पहिला अडसर असतो.

वेग थोडा कमी केला तर विजेत एवढी बचत का होते? विद्यार्थ्यांसाठी सांगतो. चिपचा चालू कामातला वीजखप वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा वेग २० टक्के वाढवला आणि व्होल्टेजही तेवढंच चढवावं लागलं, तर खप २० टक्क्यांनी वाढत नाही. १.२ चा घन होतो, म्हणजे सुमारे १.७३ पट. वेगाचे शेवटचे १०-२० टक्के सर्वांत महाग असतात, ते यामुळे.

एके काळी हा हिशेब आपल्या बाजूने होता. १९७४ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ट्रान्झिस्टर लहान होत गेला की त्याचं व्होल्टेजही उतरतं, आणि तेवढ्याच जागेत तेवढ्याच विजेत जास्त काम होतं. तीस वर्षं जग या सोयीवर चाललं. पुढे ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की त्यांतून वीज गळू लागली आणि व्होल्टेज आणखी खाली आणता येईना. २००४ मध्ये इंटेलने पुढच्या पिढीचा टेजस प्रकल्प गुंडाळला, त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेतही सोडला. तिथून जगाने वेगाचा नाद सोडून कोअरची संख्या वाढवायला घेतली. आज ९६ आणि ६४ हे आकडे आपण ज्या सहजतेने उच्चारतो, त्यांच्यामागे ही अडवलेली वाट आहे. झेन ४सी कोअर वाढवण्याच्या वाटेवर आणखी एक पाऊल पुढे गेला, इतकंच.

पण कोअर जास्त म्हणजे काम तितकं जास्त, असं असतं का? जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. एखाद्या कामाचा ९५ टक्के भाग वाटून घेता येतो आणि ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागतो, असं धरा. ६४ कोअर लावले तर काम एका कोअरच्या तुलनेत सुमारे साडेपंधरापट वेगाने होतं. ९६ लावले तर? फक्त सुमारे पावणेसतरापट. बत्तीस कोअर वाढले, वेग वाढला जेमतेम ८ टक्के. याउलट तो अडलेला ५ टक्के भाग ३.१ ऐवजी ३.७ गिगाहर्ट्झवर चालला, तर कागदावर तो भाग १९ टक्के वेगाने उरकतो. अशा कामासाठी जेनोआ चांगला ठरला, तर तो ९६ कोअरमुळे ठरत नाही, चपळ कोअरमुळे ठरतो. आणि हजारो ग्राहकांच्या हजारो स्वतंत्र विनंत्या असतील, एकीचा दुसरीशी संबंधच नसेल, तर अॅमडालचा अडसर उरतच नाही. तिथे कोअरची संख्या सरळ कामी येते. म्हणून पुन्हा पुन्हा विचारावं लागतं : काम कोणतं आहे?

आता मेमरीकडे येऊ. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त दुर्लक्ष याचंच होतं.

जेनोआच्या १२ चॅनेलमधून सेकंदाला सुमारे ४६० गिगाबाइट माहिती येऊ शकते, सिएनाच्या ६ मधून त्याच्या निम्मी, २३०. कोअरमागे भागलं तर जेनोआत ४.८ गिगाबाइट आणि सिएनात ३.६. आपल्याकडे कालव्याच्या लाभक्षेत्रात धरणाची क्षमता किती यापेक्षा टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला एकरी किती पाणी येतं यावर पीक ठरतं, तसंच हे आहे. शिवाय कॅशे. जेनोआत कोअरमागे ४ मेगाबाइट, सिएनात २. कॅशे कमी म्हणजे कोअरला मेमरीकडे जास्त वेळा जावं लागणार, आणि तिथे रस्ताही अरुंद. हवामानाचं प्रारूप चालवायचं आहे, मोठा डेटाबेस संपूर्ण मेमरीत ठेवायचा आहे, वाहनाच्या टकरीचं किंवा हवेच्या प्रवाहाचं गणित करायचं आहे, तर सिएनाचे ६४ कोअर पुष्कळदा माहितीची वाट पाहत बसतील. आणखी एक मर्यादा : जेनोआच्या एका सॉकेटला ६ टेराबाइटपर्यंत मेमरी जोडता येते, सिएनाला सव्वा टेराबाइटच्याही खाली थांबावं लागतं. जेनोआचे दोन प्रोसेसर एका बोर्डवर बसवून १९२ कोअरचं एक यंत्र होतं. सिएनाला जोडीदार चालतच नाही, तो एकटाच बसतो.

इथपर्यंत ऐकून वाटेल की सिएना म्हणजे गरिबांचा जेनोआ. तसं मुळीच नाही, आणि हाच गैरसमज दूर करावा म्हणून मी आज उभा आहे. यासाठी आपल्याला डेटा सेंटरच्या दारातून बाहेर पडावं लागेल.

आत काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात किंवा पनवेलकडे गेलात तर त्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. आत गार हवा नियंत्रित असते, वीज दुहेरी मार्गाने येते, माणसं चोवीस तास हजर असतात. इथे रॅकमधली एकेक जागा मोलाची असते. त्यामुळे एकाच पेटीत जास्तीत जास्त काम कोंबणं हे इथलं अर्थशास्त्र. २०१७ मध्ये एएमडीचा पहिला एपिक ३२ कोअरचा होता. पाच वर्षांत एका सॉकेटमध्ये त्याच्या तिप्पट कोअर आले. तीन सर्व्हरांच्या जागी एक. तीन पेट्या, तीन नेटवर्क जोडण्या, तीन देखभाल करार यांऐवजी एकच संच. अशा जागी ३६० वॅट ही अडचण वाटत नाही, कारण ती उष्णता काढून नेण्याची व्यवस्था आधीच उभी असते. जेनोआ तिथला आहे.

आता बाहेर. बाहेर का जायचं? सगळं काम नवी मुंबईत का नाही करायचं? कारण प्रकाशालाही वेळ लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते नागपूर ८०० किलोमीटर केबल धरली तर जाऊन येऊन ८ मिलिसेकंद, तेही वाटेत एकही यंत्र नसताना. बँकेच्या व्यवहाराला, चित्रपटाला हे काहीच नाही. पण ५जी च्या टॉवरला?

टॉवरचं उदाहरण मी जवळून दाखवतो. आपल्याकडे ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात वेळेची वाटणी अर्ध्या मिलिसेकंदाच्या तुकड्यांत होते. फोनकडून आलेला संदेश बरोबर पोचला की नाही हे अतिशय कमी वेळात ठरवून उत्तर द्यावं लागतं. हे गणित करणारं यंत्र टॉवरवरच्या रेडिओपासून साधारण २० किलोमीटरच्या आतच असावं लागतं. २० किलोमीटर म्हणजे एका दिशेने १०० मायक्रोसेकंद. त्याहून दूर गेलात तर गणित बरोबर असूनही उशिरा पोचतं, आणि उशिरा पोचलेलं उत्तर हे चुकलेलंच उत्तर असतं. पूर्वी या कामासाठी खास घडवलेली बंद यंत्रं असत. आता तेच काम साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने करण्याचा प्रयत्न जगभर चालू आहे. म्हणजे सर्व्हरला टॉवरपाशी जावं लागतं.

आणि तिथे काय असतं? एक कपाट. बॅटऱ्यांची रांग. टेलिफोन क्षेत्राची परंपरा म्हणून वीज उणे ४८ व्होल्टची, एकदिशा. कपाटाची खोली डेटा सेंटरच्या रॅकच्या निम्मी, म्हणून पेटी ६०० मिलिमीटरच्या आत मावणारी हवी आणि सगळ्या केबल पुढूनच लावता-काढता याव्यात अशी हवी, कारण मागे भिंत असते. पंख्यापुढे धुळीची जाळी, आणि ती चोंदली की हवा कमी. तंत्रज्ञ? तो दुसऱ्या तालुक्यातून येणार. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन व्यवस्थेने १९७० च्या दशकातच अशा जागांसाठी नियम घालून ठेवले, त्यांना नेब्स म्हणतात. त्यांत एक कसोटी अशी की एसी बंद पडला तरी उणे ५ पासून ५५ अंश सेल्सिअसपर्यंत यंत्राने काही काळ तग धरला पाहिजे. चंद्रपुरात किंवा अकोल्यात मे महिन्यात बाहेरच ४५ च्या पुढे पारा जातो. पत्र्याच्या कपाटात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. विदर्भातल्या श्रोत्यांना ५५ हा आकडा दूरचा वाटणार नाही.

अशा कपाटात ३६० वॅटचा प्रोसेसर ठेवून पाहा. एक तर पंखे इतके जोरात फिरवावे लागतील की तेच खूप वीज खातील, नाहीतर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणील. म्हणजे आपण ज्या वेगाचे पैसे मोजले, तो वेग ऐन मे महिन्यात मिळणारच नाही. सिएनाच्या कुटुंबात अशा जागांसाठी ‘पीएन’ शेपटीचे खास प्रकार आहेत. ६४ कोअरचा प्रकार १७५ वॅटवर, ३२ कोअरचा १३० वॅटवर, ८ कोअरचा ८० वॅटवर. माझ्या मते सिएनाची खरी ओळख ६४ कोअरच्या प्रोसेसरमध्ये नाही, ती या लहान भावंडांत आहे.

तुलना आणखी स्पष्ट करणारी एक जोडी सांगतो. जेनोआ कुटुंबात १६ कोअरचा एपिक ९१२४ आहे, २०० वॅट. सिएना कुटुंबात १६ कोअरचा एपिक ८१२४पी आहे, १२५ वॅट. कोअर तेवढेच, एल-३ कॅशेही दोघांत ६४ मेगाबाइट. मग वरचे ७५ वॅट कशाचे? काही वेगाचे, कारण ९१२४ चा मूळ वेग ३ गिगाहर्ट्झ आहे आणि दुसऱ्याचा त्याहून बराच कमी. आणि काही त्या रुंद रस्त्यांचे. १२ चॅनेल आणि १२८ लेन जागत्या ठेवायलाही वीज लागते, त्यांवरून काही जात असो वा नसो.

हे शेवटचं वाक्य लक्षात घ्या, कारण सर्व्हर बहुतेक वेळ पूर्ण जुंपलेला नसतोच. गुगलचे लुईझ आंद्रे बारोसो आणि उर्स होल्झले यांनी २००७ मध्ये हे मांडलं की सर्व्हर बहुतांश काळ १० ते ५० टक्के भारावर चालतात, आणि नेमक्या याच पट्ट्यात त्यांची कार्यक्षमता वाईट असते. दुकानातल्या सर्व्हरची रात्र कशी जाते? इस्पितळातल्या सर्व्हरची पहाट? कपाट चालूच, पंखे चालूच, काम जवळजवळ शून्य. म्हणून एजसाठी प्रोसेसर निवडताना कमाल भारावरचा आकडा कमी महत्त्वाचा आणि रिकाम्या अवस्थेतला आकडा जास्त महत्त्वाचा. विक्रेता पहिला आकडा ठळक अक्षरांत छापतो. दुसरा आपल्याला मागून घ्यावा लागतो.

रुपयांत बोलायचं तर ३६० वॅट वर्षभर सतत चालले तर ३,१५४ युनिट होतात, २०० वॅटचे १,७५२. युनिटला १० रुपये धरले तर फरक वर्षाला १४ हजार रुपयांचा. आणि हे फक्त प्रोसेसरचं. ती उष्णता बाहेर काढणाऱ्या एसीचं बिल वेगळं. मोठ्या, उत्तम चालवलेल्या डेटा सेंटरमध्ये हा वरखर्च १० टक्क्यांच्या आसपास आणता येतो. गुगलने तो आणून दाखवला आहे. लहान सर्व्हर रूममध्ये, भिंतीवरच्या स्प्लिट एसीवर, ते स्वप्नच. तेव्हा वॅटची किंमत जागेवर अवलंबून असते. तोच वॅट केंद्रात स्वस्त असतो आणि गावात महाग.

लायसन्सचा मुद्दा चटकन सांगून टाकतो. विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवर मोजतात, आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं. ओरॅकलचा डेटाबेसही कोअरवर मोजला जातो. ज्या सहकारी बँकेचा सगळा कारभार कोअरवर मोजल्या जाणाऱ्या डेटाबेसवर चालतो, तिने ६४ सावकाश कोअर घेणं म्हणजे दरवर्षी भुर्दंड भरणं. तिला १६ चपळ कोअर बरे. तिथे तो २०० वॅटचा ९१२४ सुद्धा, वीज जास्त खाऊन, एकूण खर्चात स्वस्त पडू शकतो. जिथे सगळी सॉफ्टवेअर मुक्त परवान्याची आहेत, तिथे हाच हिशेब उलटा होतो.

आता सिएनाच्या विरुद्ध काय बोलता येईल, तेही बोललं पाहिजे. एजचं काम ओळखण्यात एएमडी पहिली नव्हती. इंटेलने २०१५ मध्येच झिऑन डी काढला होता : ८ कोअर, ४५ वॅट, आणि १० गिगाबिटचं नेटवर्क चिपमध्येच. नेटवर्क चिपमध्ये असणं म्हणजे वेगळं कार्ड नको, एक खाच वाचली, काही वॅट वाचले. सिएनात ते नाही. टॉवरच्या कामात सर्वांत जड गणित असतं ते हवेतून येताना बिघडलेला संदेश दुरुस्त करण्याचं. इंटेलने त्यासाठीचा खास विभाग प्रोसेसरमध्येच घातला, त्याला ते व्हीरॅन बूस्ट म्हणतात. २०२५ मध्ये आलेल्या झिऑन ६ च्या एजसाठीच्या प्रकारात नेटवर्क आणि हा विभाग दोन्ही एकत्र आहेत. सिएना घेतलात तर हे गणित कोअरवर करा, नाहीतर वेगळं कार्ड लावा. निव्वळ टॉवरच्या कामासाठी विचाराल तर मला इंटेलची मांडणी जास्त नेमकी वाटते.

मग सिएना कुठे? जिथे एकाच कपाटात पाच-सहा तऱ्हेची कामं एकत्र नांदतात तिथे. दुकानात कॅमेऱ्यांची चित्रं तपासणं, बिलं, साठ्याची नोंद, सगळं एकाच पेटीत. चित्रफिती गावाजवळ साठवून वाटणारा सर्व्हर असेल तर ९६ लेनचा फार उपयोग : २० एनव्हीएमई डिस्क जोडल्या तर ८० लेन गेल्या, १६ नेटवर्कला उरल्या, एकाच सॉकेटवर काम भागलं. आणि हेही सांगतो, सिएना डेटा सेंटरमध्ये निषिद्ध नाही. कधीतरी लागणारा जुना माहितीसाठा, साधी संकेतस्थळं, यांसाठी तिथेही तो शोभतो. नाव एजचं आहे म्हणून त्याला दाराबाहेर ठेवायचं कारण नाही.

एजवर राखणही नसते, हे विसरू नका. नवी मुंबईत तीन दारं ओलांडल्याशिवाय सर्व्हरला हात लागत नाही. टॉवरखालचं कपाट एका कुलपावर असतं. पेटी उचलून नेली तर रुग्णांची माहिती, ग्राहकांची माहिती तिच्याबरोबर जाते. मेमरी कूटबद्ध ठेवण्याची सोय दोन्ही प्रोसेसरांत आहे असं मी सुरुवातीला म्हणालो. पण सोय असणं निराळं आणि ती चालू केलेली असणं निराळं. खरेदीच्या कागदात ‘चालू करून द्यावी’ हे शब्द घाला, आणि डिस्कसाठीही तेच घाला.

ज्यांना उद्या प्रत्यक्ष खरेदी करायची आहे, त्यांच्यासाठी काम कसं करावं ते सांगतो. विक्रेत्याकडून दोन्ही यंत्रं चाचणीसाठी मागा. मोठ्या खरेदीत ती मिळतात. त्यांवर जगाच्या प्रमाणित चाचण्या चालवू नका, त्या छापलेल्या असतातच. आपलं स्वतःचं काम चालवा, कालच्या दिवसाच्या खऱ्या नोंदी घेऊन. भिंतीच्या प्लगपाशी वीजमापक लावा, आणि तीन वेळा मोजा : यंत्र रिकामं असताना, साधारण तिसऱ्या हिश्शाच्या भारावर, आणि पूर्ण भारावर. हे सर्व गार खोलीत झालं की एसी बंद करा, खोली ४० अंशांपर्यंत तापू द्या, आणि तेच काम पुन्हा चालवा. वेळ किती वाढला ते लिहून ठेवा. चाचणी पुण्याच्या डिसेंबरात करून यंत्र अकोल्याला पाठवायचं असेल, तर ही दुसरी फेरी टाळू नका. मग पाच वर्षांच्या हिशेबात प्रोसेसरची किंमत, वीज, एसी, लायसन्स आणि तंत्रज्ञाच्या फेऱ्या अशा पाच ओळी मांडा.

आणि हा विचार आत्ताच करा असंही म्हणेन, कारण केंद्र आणि एज ही दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब चालली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेनोआचा वारस आला. त्यात १९२ कोअरपर्यंत मजल गेली आणि उष्णतेची मर्यादा ५०० वॅटवर. अशा प्रोसेसरांच्या रॅकसाठी डेटा सेंटरं आता हवेऐवजी द्रवाने थंड करण्याकडे वळत आहेत. टॉवरखालच्या कपाटाला मात्र नळ जोडता येणार नाही, बॅटऱ्याही तेवढ्याच राहणार. ‘केंद्रात घेतलं तेच गावातही घेऊ, म्हणजे देखभाल सोपी’ हा जो सोयीचा मार्ग आज अनेक संस्था धरतात, तो पुढच्या खरेदीपर्यंत बंद झालेला असेल. मात्र आज्ञावली एकच असल्यामुळे सॉफ्टवेअर एकदाच लिहून दोन्हीकडे चालवता येतं. सोय जपायची ती तिथे जपा, यंत्र वेगवेगळं घ्या.